गोळी चालू आहे, गुण येत नाही

या वेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या आजारांच्या नावाने आलीये, औषध चालू आहे पण फरक नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि फक्त हेच घेतलेत. नावं छापलेली नाहीत, आणि काही पत्रं फारच लांब होती ती कापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 61. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत तरी वरचं बीपी 160 च्या खाली येत नाही. आता चौथी सुरू करू म्हणतात. गोळ्या शक्यतो चुकवत नाही. गुडघ्यांचं दुखणं सोडलं तर बाकी तब्येत ठणठणीत. मग औषधातच दम नाही का?

काका, चौथ्या गोळीआधी पहिल्या तीन खरंच पोटात जातायत का ते बघू. हा संशय नाही हो, जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली कायमच्या आजारांच्या औषधांवर अहवाल काढला होता, त्यात श्रीमंत देशांतही जेमतेम निम्मे पेशंट दीर्घ मुदतीचं औषध सांगितल्याप्रमाणे घेतात असं म्हटलंय. जिथे औषध मिळवणंच अवघड तिथलं चित्र तर याहून वाईट. आणि यात आळशीपणा वगैरे काही नसतो, बीपी दुखत नाही म्हणून विसरायला होतं, कधी लघवीची गोळी बाहेर जायचंय म्हणून टाळली जाते, कधी चक्कर आली म्हणून एक गोळी आपणच अर्धी केलेली असते. मी पेशंटला तोंडी विचारण्यापेक्षा स्ट्रिपा घेऊन यायला सांगतो. महिन्याचं औषध सहा आठवडे पुरलेलं दिसलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. तुम्हीही आज घरी स्ट्रिपा काढून, विकत घेतल्याची तारीख आणि उरलेल्या गोळ्या असा सरळ हिशोब लावा.

आता हे एवढं ताणून का सांगतोय, तर डॉक्टर समोरच्या आकड्याकडे बघून ठरवतात. तुम्ही "नियमित घेतोय" म्हणालात आणि बीपी 160 दिसलं तर त्यांच्या दृष्टीने औषध हरलं, मग ते डोस वाढवणार किंवा नवीन गोळी लावणार. बरोबरच आहे त्यांचं. चूक माहितीत आहे.

दुसरी गोष्ट, तो 160 आकडा कसा आला? जिना चढून आलात, बसताक्षणी पट्टा गुंडाळला, नर्सशी गप्पा चालू, लघवीला लागलेली, दंड जाड आणि पट्टा लहान, यातलं प्रत्येक बीपी वाढवून दाखवतं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर, आणि मग मोजायचं. काहींचं बीपी डॉक्टर दिसले की चढतं आणि घरी एकदम व्यवस्थित असतं, म्हणून घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून ते सगळे आकडे लिहून न्या, आवडलेले तेवढेच नकोत.

आणि गुडघे! त्यासाठी काय घेता ते तुम्ही लिहिलंच नाहीये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्यासारख्या पेनकिलरने शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं आणि बीपीच्या बऱ्याचशा गोळ्यांचा जोरही कमी होतो. पेशंट यांना औषधात धरतच नाहीत, "दुसरं काही घेता का" विचारलं की नाही म्हणतात कारण ती तर "साधी दुखण्याची गोळी". नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही त्याच माळेतल्या. जेवणात मीठ जास्त असेल तर तेही आहेच.

हे सगळं तपासून झालं, तिन्ही गोळ्या पुरेशा डोसमध्ये आहेत, त्यात एक लघवीवाटे पाणी काढणारी आहे, आणि तरीही बीपी हटत नाही, तर मग ते खरं हट्टी बीपी. तेव्हा कारण शोधावं लागतं, किडनी, अल्डोस्टेरॉन नावाचं हॉर्मोन, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास (घरच्यांना विचारा, घोरता का ते). आणि चौथी गोळी कुठली यालाही महत्त्व आहे. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या पाथवे-2 या अभ्यासात अशा पेशंटमध्ये स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी गोळी बिसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिन या दोन्हींपेक्षा सरस ठरली होती. ती सुरू केली की रक्तातलं पोटॅशियम आणि किडनी तपासत राहावं लागतं एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : थायरॉइडची गोळी 50 ची 75 झाली, मग 100, आता 125, तरी टीएसएच वरच. गोळी एक दिवसही चुकत नाही, उलट विसरू नये म्हणून सकाळी कॅल्शियम, आयर्न आणि थायरॉइड तिन्ही एकत्रच घेते. माझा थायरॉइड आणखी बिघडतोय का?

ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. थायरॉइड बिघडतोय असं वाटत नाही, गोळी रक्तात पोचतच नसावी, आणि ती कमी पडली की टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन) वरच राहतो. थायरॉक्सिन, म्हणजे तुमची थायरॉइडची गोळी, फार नाजूक औषध आहे, पोटात कॅल्शियम किंवा आयर्न भेटलं की त्यांना चिकटून बसतं आणि तसंच बाहेर पडतं. तुम्ही 125 गिळताय पण अंगी त्यातलं किती लागतंय कोण जाणे.

सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी, त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम आणि आयर्न किमान चार तासांनी. सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त शेवटच्या खाण्याला तीन तास तरी झालेले हवेत. अ‍ॅसिडिटीची गोळी रोजची असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला, पोटातलं अ‍ॅसिड कमी झालं की थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही.

आता एक धोका आहे तो नीट वाचा. वेळ बदलल्यावर हीच 125 ची गोळी पूर्ण लागू पडायला लागेल आणि कदाचित जास्त होईल, छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, वजन उतरणं. म्हणून डॉक्टरांना आधी सांगून मग वेळ बदला, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, त्याआधी करून उपयोग नाही कारण हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा घेतं आणि टीएसएच त्याच्याही मागून हलतो. पंधरा दिवसांनी रिपोर्ट काढून "फरक नाही" म्हणून पुन्हा डोस वाढवलेले पेशंट मी भरपूर पाहिलेत.

असं चिकटणं फक्त थायरॉक्सिनचं नाही. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स दूध, कॅल्शियम, आयर्न, अँटासिड यांच्याबरोबर घेतली की तोच प्रकार. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ती अ‍ॅलेंड्रोनेट, ती तर सगळे नियम पाळूनसुद्धा एक टक्का पण आत जात नाही, नाश्त्याबरोबर घेतली तर जवळजवळ काहीच नाही.

प्रश्न : आईला दमा आहे. इन्हेलर रोज घेते, आमच्यासमोर घेते, तरी रात्री धाप लागते. इन्हेलर बदलून दोनदा झाले. आता काय?

तिसरा आणण्याआधी आईंना डॉक्टरांसमोर एकदा तो घेऊन दाखवायला सांगा. माझ्याकडे हे असं दिसतं: पेशंट इन्हेलर तोंडाशी नेतो, डबी दाबतो, आणि मग श्वास घ्यायला सुरुवात करतो. तोवर औषध जिभेवर आणि घशात बसलेलं. ओठांच्या कोपऱ्यातून, कधी नाकातून पांढरा फवारा बाहेर येताना दिसतो. तो फवारा म्हणजे आजचा डोस, खोलीला दिलेला. पद्धत अगदी बरोबर असली तरी दाबायच्या इन्हेलरमधलं साधारण 10 ते 20 टक्के औषधच फुप्फुसात पोचतं, मग चुकीच्या पद्धतीने काय पोचणार.

आधी डबी हलवायची, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, हळू आणि खोल श्वास घ्यायला सुरुवात करायची आणि त्याच वेळी दाबायचं, घेत राहायचं, मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. पुढचा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. वय झालं की हे दाबणं आणि ओढणं जुळत नाही, त्यांच्यासाठी स्पेसर असतो, तो प्लॅस्टिकचा नळा लावला की अर्धं भांडण मिटतं. आणि कोरड्या पावडरचा इन्हेलर असेल तर नेमकं उलट, तो जोरात आणि झटक्यात ओढायचा. तुमच्याकडे इन्हेलर दोनदा बदललाय ना, प्रकार बदलला आणि पद्धत जुनीच राहिली असं तर झालं नाही?

अजून एक विचारा, आई कुठला घेतात? एक लगेच आराम देणारा आणि एक रोजचा, सूज कमी करणारा स्टेरॉइडचा. रोजच्याने घेताक्षणी काही वाटत नाही, त्याचा परिणाम दिसायला दिवस-आठवडे जातात, म्हणून लोक तो सोडून आरामवालाच घेत बसतात. तसं होत असेल तर रात्रीची धाप जाणार नाही. डोसचा काउंटरही बघा, औषध संपलेल्या डबीतून गॅसचा फवारा येतच राहतो. मात्र धाप लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर हे सगळं वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल.

प्रश्न : सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. खोकला आहे तसाच. तिसरं जास्त स्ट्राँग घेऊ का?

नको. सर्दी व्हायरसची असते आणि अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, त्यामुळे इथे हरायला ते लढलंच नाही. सर्दी गेल्यावर खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणं नेहमीचं आहे. त्याहून जास्त झाला, ताप आहे, वजन उतरतंय, थुंकीत रक्त दिसलं, तर मात्र छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी, टीबी डोक्यात ठेवून. आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही (रामिप्रिल, एनालाप्रिल ही मंडळी) कोरडा खोकला येतो, ती चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

घरात उरलेली अँटिबायोटिक्स मनाने घेणं बंद करा एवढं मात्र हात जोडून सांगतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की कमी डोस घेऊन लोक जंतूंना औषधाची सवय लावतील. झालंय तेच.

प्रश्न : डिप्रेशनची गोळी सुरू करून दहा दिवस झाले. मन तसंच आहे, वर मळमळ आणि बेचैनी. बंद करावी म्हणते.

दहा दिवस कमी आहेत हो. या गोळ्यांचं वेळापत्रकच उफराटं आहे, त्रास आधी येतो आणि गुण नंतर. मळमळ, बेचैनी बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते, मन हलायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ. नेमक्या त्या मधल्या काळात माणूस गोळी सोडतो. फार त्रास होत असेल तर डॉक्टरांना फोन करा, डोस हळूहळू चढवता येतो, सकाळ-रात्र बदलता येते.

पण वेळ देऊनही पहिली गोळी लागू पडली नाही असं खरंच होतं, आणि ते तुमचं अपयश नाही. अमेरिकेत चार हजारांवर पेशंटवर स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, 2006 मध्ये त्याचे निकाल आले, पहिल्या औषधावर साधारण तीनातला एकच जण पूर्ण बरा झाला होता. बाकीच्यांना बदल करावा लागला, दुसरं औषध जोडावं लागलं, समुपदेशन घ्यावं लागलं. आणि जीव नकोसा वाटणं वाढलं, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात यायला लागलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरच्या कुणाला तरी सांगा.

प्रश्न : मला आणि माझ्या मित्राला एकाच डॉक्टरांनी दुखण्यासाठी तीच कोडीनची गोळी, तोच डोस दिला. त्याला अर्ध्या तासात आराम, मला ढिम्म फरक नाही. ब्रँडसुद्धा सेम. हे कसं?

कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. लिव्हरमधलं एक एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन बनवतं आणि दुखणं थांबवतं ते मॉर्फिन. ते एन्झाइम बनवायची सूचना जनुकांत असते आणि काही माणसांत ती जन्मापासून मोडकी असते. तुम्ही कदाचित त्यातले. मग डोस वाढवून फारसं काही मिळत नाही, फक्त बद्धकोष्ठता पदरी पडते, सरळ दुसरं औषध मागा. उलट बाजूचीही माणसं असतात, ज्यांच्यात मॉर्फिन भराभर बनतं, त्यांना नेहमीचा डोससुद्धा धोक्याचा ठरू शकतो, म्हणून मित्राची गोळी उसनी घेऊ नये म्हणतात ते उगाच नाही.

हार्टच्या पेशंटना देतात त्या क्लोपिडोग्रेलचंही असंच, तेही लिव्हरमध्ये तयार व्हावं लागतं, आणि ज्यांच्यात ते होत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये त्याच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल त्याच एन्झाइमला अडवते, म्हणून ती दोन्ही सोबत लिहिलेली दिसली तर विचारून घ्या. टीबीचं रिफाम्पिसिन याच्या उलट, ते लिव्हरला इतकं कामाला लावतं की बाकीची औषधं वेळेआधीच संपतात, गर्भनिरोधक गोळी चालू असताना दिवस गेल्याचं हे एक ओळखीचं कारण.

तसं ही गोष्ट कंपन्यांनाही माहीत आहे. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनमध्ये जनुकशास्त्राचं काम बघणारे अ‍ॅलन रोझेस 2003 मध्ये जाहीरपणे बोलून गेले होते की बहुसंख्य औषधं 30 ते 50 टक्के लोकांमध्येच काम करतात. मोठी खळबळ झाली तेव्हा. मला तर त्यात खळबळ होण्यासारखं काही दिसत नाही, ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, फक्त कुणी मोठ्याने म्हणत नाही.

प्रश्न : डोकेदुखीची गोळी आधी आठवड्यातून एकदा पुरायची, आता रोज घेऊनही दुखतं. गोळ्या बनावट येतात का?

बनावट आणि कमी दर्जाची औषधं आहेत, नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी दहात एक असा अंदाज दिला होता. बिल घ्या, पाकीट तपासा, रंग-चव-छपाई वेगळी वाटली तर केमिस्टला दाखवा. पण तुमच्या बाबतीत मला वेगळाच संशय आहे, गोळीच डोकं दुखवत असेल.

खरंच होतं असं. ज्याला मुळात मायग्रेन किंवा तसली डोकेदुखी आहे त्याने साधी पेनकिलर महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चालवलं की मेंदूला त्याची सवय होते आणि औषध उतरलं की डोकं दुखतं, मग पुन्हा गोळी, पुन्हा तेच चक्र. यावर उपाय म्हणजे ती गोळी बंद करणं, आणि ते पहिले काही दिवस वाईट जातात, दुखणं आधी वाढतं. म्हणून डॉक्टरांना धरून करा, ते सोबत मायग्रेन टाळायचं औषध सुरू करतील. तुमच्या गोळीत कोडीनसारखं काही असेल तर एकदम तोडू नका, हळूहळू. आणि डायरी ठेवा, कुठल्या दिवशी दुखलं आणि काय घेतलं, एवढ्या दोनच गोष्टी.

प्रश्न : मी मधे जवळजवळ महिनाभर गोळ्या घेतल्या नव्हत्या. पुढच्या व्हिजिटला सांगितलं तर डॉक्टर चिडतील. तोवर परत सुरू करू का, म्हणजे प्रश्नच नको?

कुठल्या गोळ्या ते लिहिलं नाहीत, म्हणून मनाने सुरूही करू नका आणि तशाच बंदही ठेवू नका, आजच डॉक्टरांना फोन करा, व्हिजिटची वाट बघू नका. काही औषधं थांबवल्यावर जुन्या डोसने परत सुरू करता येत नाहीत. फिट्ससाठी आणि मूडसाठी देतात ती लॅमोट्रिजिन काही दिवस बंद राहिली तर पुन्हा अगदी छोट्या डोसपासून चढवावी लागते, नाहीतर अंगावर जीवघेणी पुरळ येऊ शकते. स्किझोफ्रेनियासाठी देतात ती क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त चुकली तरी पुन्हा तळापासून.

आणि चिडण्याचं म्हणाल तर चिडतील बिचारे दोन मिनिटं. न सांगण्याचे परिणाम बघा. कागदावर पाच गोळ्या, पेशंट घरी घेतो दोन. मग पडतो, हाड मोडतं, हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होतो, आणि तिथली नर्स फाइलमध्ये लिहिलेल्या पाचही गोळ्या घड्याळ लावून देते. दुसऱ्या दिवशी बीपी 80 वर. वॉर्डात सगळे रक्तस्राव शोधतायत, जंतुसंसर्ग शोधतायत, आणि झालंय एवढंच की औषधं पहिल्यांदाच पूर्ण पोटात गेलीयेत.

फोनवर लांबण लावायची गरज नाही. "अमुक तारखेपासून घेतल्या नाहीत, कारण असं होतं, आता कशा सुरू करू?" एवढं पुरे. कारण खरं सांगा, चक्कर येत होती, परवडत नव्हत्या, दिवसातून तीनदा जमत नव्हतं, काही का असेना. चक्कर असेल तर औषध बदलतं, परवडत नसेल तर जेनेरिक लिहिता येतं, तीनदा जमत नसेल तर बऱ्याच औषधांत दिवसातून एकदाची गोळी असते किंवा दोन औषधांची मिळून एक असते. कारण कळलं नाही तर ते जुनंच प्रिस्क्रिप्शन पुन्हा लिहून देतील.